आठवीत अवयव पाडायला शिकवताना आधी रीत सांगावी की कारण?

मूळ मत : गणित शिक्षक, राजारामपुरी

आठवीच्या ‘बैजिक राशींचे अवयव’ या प्रकरणात वर्ग त्रिपदी आली, की शाळेत आणि शिकवणीतही बहुधा एकच वाक्य फळ्यावर येते : गुणाकार शेवटच्या पदाइतका आणि बेरीज मधल्या सहगुणकाइतकी (म्हणजे क्षच्या आधीच्या संख्येइतकी) येईल अशा दोन संख्या शोधा. क्ष² + ५क्ष + ६ साठी २ आणि ३ सापडतात, (क्ष + २)(क्ष + ३) लिहिले जाते आणि लगेच पुढचे उदाहरण सुरू होते. ही रीत पहिल्या काही तासांत सांगूच नये, असे माझे मत आहे.

२क्ष² + ७क्ष + ३ दिले, की रीत तेवढी पाठ असलेली मुले ६ आणि १ शोधून सरळ (क्ष + ६)(क्ष + १) लिहितात, आणि २ कुठे गेला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. क्ष = १ घेतल्यास मूळ राशी १२ होते आणि त्यांचे उत्तर १४ होते; पण दोन्ही बाजू एकाच राशीची दोन रूपे आहेत हे मनात नसल्यामुळे पडताळा घ्यावा असे त्यांना सुचतच नाही. त्याऐवजी क्ष² + ५क्ष + ६ साठी कागदाचा एक मोठा चौरस (क्ष²), पाच पट्ट्या (प्रत्येकी क्ष) आणि सहा लहान चौकोन (प्रत्येकी १) देऊन आयत जुळवायला सांगावे. सहाऐवजी पाचच चौकोन दिले तर आयत जुळत नाही, आणि काही त्रिपदींचे अवयव का पडत नाहीत हे मूल स्वतः पाहते.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, कागल

सर, आपला कागद क्ष² − क्ष − ६ पाशी संपतो. ऋण पट्टी कशी कापणार? त्याच प्रकरणात पुढे घनांच्या वजाबाकीचे सूत्र आहे, तेथे काय करणार? ज्याला ७२ च्या जोड्या आठवायला दोन मिनिटे लागतात, त्या मुलाची अडचण कारण न कळण्याची नसून सरावाची आहे. शिवाय शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलाजवळ आयत जुळवण्याइतका वेळ नसतो. आधी हात बसू द्यावा, कारण मागाहून कळते.

प्रतिसाद : पालक, शिरोली औद्योगिक वसाहतीत अभियंता

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. क्ष² + १२ यात क्षच्या १ ते १३ पटींपैकी कोणतेही मधले पद घाला : केवळ ७, ८ आणि १३ यांनाच पूर्णांकांत अवयव पडतात. म्हणजे पुस्तकातील उदाहरणे निवडून घेतलेली असतात. फाउंड्रीतील हिशेबात अशी निवडक त्रिपदी माझ्यासमोर कधी आलेली नाही. याउलट श्रीधराचार्यांची रीत, जी भास्कराचार्यांनी १२व्या शतकात उद्धृत केली, म्हणजे पहिल्या सहगुणकाच्या चौपटीने गुणून मधल्याचा वर्ग मिळवण्याची, ती प्रत्येक वर्गसमीकरणाला चालते. मग तीच शिकवावी.

प्रतिसाद : कनिष्ठ महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापिका, शाहूपुरी

अभियंता साहेब, वर्गसमीकरणे दहावीत येतात. अवयवांचे काम त्याआधीच सुरू होते आणि त्यानंतरही चालूच राहते. (क्ष² + ५क्ष + ६) ÷ (क्ष² − ९) दिले, की अकरावीतली मुलेसुद्धा वरखाली क्ष² खोडून मोकळी होतात. अवयव पाडले तरच (क्ष + ३) जातो आणि (क्ष + २) ÷ (क्ष − ३) उरते. समीकरण सोडवण्याचे सूत्र येथे पाठ असून चालत नाही, कारण समीकरणच नाही. ८०५१ ही संख्या मूळ आहे का, हे ९०² − ७² लिहून क्षणात कळते : ती ८३ × ९७ आहे.

मुख्याध्यापक सरांना मात्र असे म्हणावेसे वाटते, की कारण सांगण्यासाठी कागदच लागतो असे नाही. (२क्ष + ५)(३क्ष + ७) चा गुणाकार करून पाहावा. टोकांना ६ आणि ३५ येतात, मधे १४ आणि १५. ६ × ३५ आणि १४ × १५ दोन्ही २१०, कारण दोन्हींकडे २, ५, ३, ७ याच चार संख्या वेगळ्या जोड्यांनी गुणलेल्या आहेत. म्हणूनच ६क्ष² + २९क्ष + ३५ मध्ये पहिल्या व शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार घेऊन फोड करायची असते. फळ्यावरची ही एक ओळ ऋण चिन्हांनाही तशीच लागू पडते, आणि तरीही बहुतेक वर्गांत ती लिहिली जात नाही.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, कागल

मॅडम, ओळ मान्य. परंतु २१० ची फोड १४ आणि १५ अशी करायला शेवटी पाढेच लागले ना?

प्रतिसाद : गणित शिक्षक, राजारामपुरी

नाही सर. २१० = २ × ३ × ५ × ७ ही मूळ अवयवांची मांडणी मुले आधीच शिकलेली असतात; चार संख्या दोन गटांत वाटून बेरीज २९ कधी होते एवढेच पाहायचे आहे. सरावसंचात क्ष² + ९क्ष + १२ सारखी, अवयव न पडणारी उदाहरणेही मुद्दाम मिसळावीत, असे मी सुचवेन.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, कागल

आणि परीक्षेत असे उदाहरण येणारच नाही, हे ठाऊक असलेले मूल ते सोडवायला बसेल?

प्रतिसाद : प्राध्यापिका, शाहूपुरी

मग परीक्षेतच एक गुणाला ते विचारावे, सर.