इस्रायलमधलं बेने इस्राएल (मराठी यहुदी) मंडळ, मेल-यादी: मानपत्राचा मजकूर रविवारी सकाळी छापायला जातोय

सचिव:
सर्वांना शालोम. गुरुवारच्या सत्कारात बाईंना द्यायच्या मानपत्रासाठी छापखान्यातून परत फोन आला. रविवारी सकाळी मजकूर दिला नाही तर गुरुवारपर्यंत फ्रेम मिळणार नाही. मसुदा सगळ्यांनी वाचलाय असं धरते. पहिली ओळ "ज्येष्ठ समाजसेविका" अशी सुरू होते. कोणाची हरकत असेल तर आज संध्याकाळी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) लागायच्या आत कळवा, नंतर मी फोन बघणार नाही. दिमोना-येरुहामची मिनीबस ठरली आहे, किती माणसं येणार तो आकडा अजून आलेला नाही.

खजिनदार, अश्दोद:
हरकत आहे. बाई समाजसेविका नाहीत. त्या ओवेदेत सोत्सियालित, म्हणजे पदवीधर सोशल वर्कर आहेत. नगरपालिकेच्या वेलफेअर खात्यात त्यांनी सगळी नोकरी केली, पगार घेतला, आता पेन्शन घेतात. आपल्याकडे समाजसेविका म्हटलं की साडी नेसून फराळ वाटणारी बाई डोळ्यांपुढे येते. मागच्या सत्काराच्या वेळी मसुदा आधी कमिटीकडे आला होता, या वेळी थेट यादीवर कसा आला? रेकॉर्डसाठी विचारतोय.

दिमोनाची आत्या:
भाऊ, पगार घेतला म्हणून सेवा नाही झाली? पगार चार वाजेपर्यंतचा होता. माझे वडील गेले तेव्हा आईला हिब्रूचं अक्षर येत नव्हतं. बितुआख लेउमीचा (सरकारी विमा खात्याचा) विधवा पेन्शनचा फॉर्म आला, तो दोन आठवडे फळीवर पडून होता. बाई संध्याकाळी आल्या. स्वयंपाकघरात खाली बसल्या आणि फॉर्ममधली एकेक ओळ मराठीत सांगत गेल्या. भरून मात्र दिला नाही. थाळीत तांदूळ पसरले, आईचं बोट धरलं आणि उजवीकडून डावीकडे तिचं नाव गिरवून घेतलं. आई म्हणाली, अगं उलटं लिहितेस. बाई म्हणाल्या, इथे हेच सुलटं. तिसऱ्या दिवशी आईने स्वतः सही केली. त्या सहीचा पगार कोणी दिला?
येणारी माणसं अकरा. माझ्या गुडघ्यामुळे पुढची सीट लागेल.

रेहोवोतहून (वाइझमन संशोधन संस्थेत आहे, मंडळात नवा):
नमस्कार. मी पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी आलो. लहानपणापासून लाल देवळावरून (तिथल्या यहुदी प्रार्थनास्थळावरून) शाळेत जायचो, पण बेने इस्राएल माणसांशी पहिल्यांदा बोललो ते इथे येऊन. एक सुचवू का? शाल-श्रीफळ आहेच, त्याआधी दोन सुवासिनींनी औक्षण केलं तर छान दिसेल. निरांजन माझ्याकडे आहे.

दिमोनाची आत्या:
बाळा, नारळ आपला दोघांचा. मलिद्यात, आमच्या प्रसादाच्या गोड पोह्यांत, तो लागतोच. शालही चालेल. पण कुंकू-निरांजन नको. आमच्या आज्यांनी अलिबागकडे शेजारणींच्या घरी हळदीकुंकवाला जाऊन फक्त फुलं घेतली, कुंकू लावलं नाही, आणि शेजारणींनाही ते ठाऊक होतं. त्यावरून कधी भांडण झालं नाही. तू निरांजन आणू नकोस, वेलची कुटून आण. इथली पाकिटातली मलिद्याला लागत नाही.

लोदचे काका:
मसुद्यात इतिहास एक ओळही नाही याचं वाईट वाटलं. बाई काही आभाळातून पडल्या नाहीत. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तिच्यातून पिढ्या शिकल्या. डॉक्टर जेरुशा झिराड लंडनहून शिकून आल्या, कामा हॉस्पिटल सांभाळलं, १९६६ ला पद्मश्री मिळाली. ही परंपरा मानपत्रात यायला हवी.
शिवाय १९६४. त्या उन्हाळ्यात यरुशलायमला आम्ही उघड्यावर धरणं धरून बसलो होतो. लग्न लावायला गेलं की रब्बींकडून आमच्याच आई-आजीची चौकशी, आम्ही पुरते यहुदी आहोत की नाही म्हणून. ऑगस्टमध्ये क्नेसेटने (संसदेने) आमच्या बाजूने ठराव केला तेव्हा उठलो. बाई तेव्हा शाळकरी पोर, आईबरोबर आल्या होत्या आणि म्हाताऱ्यांना पाणी देत फिरायच्या. त्यांचं काम तिथून सुरू झालं. नगरपालिकेची नोकरी फार पुढची गोष्ट.

सचिव:
काका, कागद ए-थ्री आहे, बारा ओळी बसतात. केहिमकर, झिराड आणि चौसष्ट घातलं तर बाईंसाठी तीन ओळी उरतात. पाण्याची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. ती तुम्ही स्टेजवर सांगा, पाच मिनिटं देते.

लोदचे काका:
दहा द्या.

खजिनदार, अश्दोद:
आत्याबाई, तुमच्या आईची गोष्ट वाचून थांबलो. पण माझं म्हणणं उलटं समजलं गेलं. पगारी काम हलकं असं मी म्हटलंच नाही. आमच्या गल्लीत बाईंच्या वयाच्या मुली कापडगिरणीत जात होत्या, माझी बहीणही होती. बाई दिवसा गिरणीत आणि रात्री अभ्यास, असं करत शिकल्या. आपल्यातल्या मुलीने ही पदवी घेणं तेव्हा नवं होतं. इथे १९९६ चा कायदा आहे. ज्याचं नाव सरकारी नोंदवहीत आहे त्यालाच ओवेद सोत्सियाली म्हणवता येतं. बाईंचं नाव त्या वहीत आहे. "समाजसेविका" लिहिलं की त्यांचं शिक्षण झाकलं जातं, मनाने चांगल्या होत्या एवढंच उरतं. चांगल्या मनाची माणसं आपल्यात पुष्कळ होती. फॉर्मचं कुठलं कलम कोणाला लागू होतं, अपील किती दिवसांत करायचं, हे ठाऊक असणारं माणूस एकच होतं.

बेरशेबाहून:
खजिनदारांशी सहमत आहे, पण निवृत्तीनंतरचं काय? माझी सासू शेवटची दोन वर्षं वृद्धाश्रमात होती. डोक्यातून आधी हिब्रू गेलं. चाळीस वर्षं बोललेली भाषा महिन्याभरात पुसली गेली, उरली फक्त कोकणातल्या नवगावची मराठी. नर्स बिचाऱ्या चांगल्या होत्या, पण "दुखतंय" म्हणजे काय ते त्यांना कळेना. त्या रशियनमधून, अरबीतून विचारायच्या. बाईंना कळलं तेव्हा त्या दोन बस बदलून आल्या. एका कागदावर हिब्रू अक्षरांत मराठी शब्द लिहिले: पाणी, दुखतंय, थंडी वाजते, शू, भूक नाही, आई. समोर हिब्रू अर्थ. तो पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. नर्सना उच्चार शिकवले, "ळ" सोडून सगळे जमले. पुढे शेजारच्या खोलीतल्या कोचीनच्या आजींसाठी नर्सनी मल्याळममध्ये तसाच कागद मागितला, तर बाईंनी कोचीनवाल्यांच्या नेवातिम गावाहून माणूस शोधून आणला.
"आई" हा शब्द यादीत का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, रात्री त्या हाक मारतील तेव्हा नर्सला कळायला हवं की तिला बोलावत नाहीयेत, पण तिने जावं.
हे कुठल्या नोंदवहीत लिहायचं?

अश्केलोनहून:
ओमर (पेसाख सणानंतरचे शोकाचे दिवस) चालू आहे हे कोणाच्या लक्षात आहे का? गुरुवारी ३० तारखेला ऑर्केस्ट्रा कसा ठेवला? महाराष्ट्र दिन शुक्रवारी येतो म्हणून आदल्या दिवशी घेतला ते ठीक, पण पेसाखनंतर लाग बाओमेरच्या सणापर्यंत आमच्या घरी वाद्य वाजत नाही. मंगळवारी ५ तारखेला घ्या.

सचिव:
मंगळवारी हॉल नाही. दोनदा विचारलं. ऑर्केस्ट्रा आधीच काढलाय, तिसऱ्या मेलमध्ये लिहिलं होतं.

अश्केलोनहून:
मग कीर्तन ठेवा. आपलंच आहे, मुंबईला १८८० पासून व्हायचं.

लोदचे काका:
कीर्तनाला पेटी लागते. पेटी म्हणजे वाद्यच. एलियाहू हन्नाबीचं गाणं नुसत्या आवाजात म्हणू, मलिद्याच्या वेळी तेवढं पुरे. सूर मी लावतो. रमल्याच्या मंडळींनी मागच्या वेळेसारखी घाई करू नये.

रमल्याहून:
घाई आम्ही केली नव्हती, माइक मागे होता.

रेहोवोतहून:
वेलची कुटून ठेवली आहे. आत्या, पोहे जाड की पातळ? आणि बेरशेबाच्या ताई, तो कागद अजून आहे का? माझे एक सहकारी वृद्धांच्या भाषेवर काम करतात. त्यांना दाखवायचा नसेल तरी चालेल, मला बघायचा आहे.

बेरशेबाहून:
आहे. वृद्धाश्रमाने सासूबाईंच्या सामानाबरोबर परत दिला. गुरुवारी आणते.

सचिव:
शब्बाथला दोन तास उरलेत, म्हणून शेवटचं लिहिते. मी बाईंच्या मुलीला फोन केला. बाईंना सत्काराचं कळलेलं आहे (कोणी फोडलं ते मी विचारणार नाही). त्यांची नातवंडं मराठी बोलतात, वाचत नाहीत, तेव्हा भिंतीवरचं मानपत्र त्यांना वाचता यायला हवं. म्हणून दोन स्तंभ करते. उजवीकडे हिब्रूत हुद्दा, शिक्षण, नोकरीची वर्षं, सगळं नोंदवहीप्रमाणे, खजिनदारांनी तपासून. डावीकडे मराठीत हुद्दा नाही. तिथे तांदळाची थाळी आणि पलंगावरचा कागद. पहिली ओळ "आपल्या बाईंना".
काकांची पाण्याची गोष्ट मराठीत एका ओळीत बसते, घातली आहे.

खजिनदार, अश्दोद:
हिब्रू स्तंभ पाठवा, तपासतो. १९९६ आणि नोंदणीचा उल्लेख राहू दे. "आपल्या बाईंना" याला माझी हरकत नाही. माझी बहीणही असंच म्हणायची. पुढच्या वेळी मसुदा आधी कमिटीकडे यावा हे मात्र कायम. फ्रेमचे जादा पैसे मी देतो, हिशोबात दाखवू नका.

लोदचे काका:
शब्बाथ शालोम. दहा मिनिटांचं अजून कोणी हो म्हटलेलं नाही.

दिमोनाची आत्या:
पातळ पोहे. जाड भिजवले की लगदा होतो. आदल्या रात्री भिजवू नकोस, इथे आलास की मी भिजवते. माणसं आता तेरा झाली, आईची धाकटी बहीण पण येतेय, तिलाही बाईंनीच सही शिकवली होती. मिनीबसवाल्याला सांगा, चाकाची खुर्ची आहे.