मदत हवी आहे: स्टिअरिंग वळवताना पुढून 'टक्' आवाज, नेमका कुठून येतोय हे कसं शोधायचं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. स्टिअरिंग वळवलं की पुढून डाव्या बाजूने 'टक्' असा जाड आवाज येतो. डावीकडे पूर्ण वळवताना एकदा आणि सरळ करताना पुन्हा एकदा. त्याच क्षणी हाताला हलका झटकाही बसतो. गाडी जागेवर उभी असली तरी हेच. वर्धा रोडवर सरळ जाताना मात्र कसलाही त्रास नाही.

सर्वात मोठा आवाज घरातून गाडी काढताना येतो. गल्लीत सिमेंट रस्ता झाल्यापासून आमचं फाटक रस्त्याच्या खाली गेलंय. त्यामुळे चाक वळवूनच गाडी तिरकी वर चढवावी लागते आणि तिथे हमखास टक् होतं.

एका गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर न घेताच "स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) बदला" म्हणून वीस हजारांच्या वरचा आकडा सांगितला. दुसरा म्हणाला, ॲक्सल (चाकाला फिरवणारा दांडा) गेला. मी टॉर्च घेऊन खाली पाहिलं. ॲक्सलचे दोन्ही रबरी बूट शाबूत आहेत, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं नाही, टायरही एकसारखे झिजलेत. शिवाय ॲक्सलचा जॉइंट गेला तर गाडी चालू असताना वळणावर सलग कटकट ऐकू येते, उभ्या गाडीत नाही, असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

एक गोष्ट सांगून ठेवतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा गाडी डागा ले-आउटमध्ये अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेलं नव्हतं. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

आईला रामटेकला न्यायचं आहे. गडाची चढण आणि वळणं लक्षात घेता या आवाजासह जाणं मला पटत नाही. पार्ट बदलायला तयार आहे, फक्त आधी दोष कुठे आहे ते कळायला हवं. कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

काहून रॅक बदलायला सांगून राहिले ते? आधी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल चक्कर मारा, दोन्ही बाजूंनी. कटकट आली आणि वेगाबरोबर वाढली तर ॲक्सल. नाही आली तर ॲक्सल सोडून द्या.

प्रतिसाद

भाऊ, तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय शॉकअपच्या (शॉक ॲब्जॉर्बरच्या) वरच्या माउंटिंगवर, म्हणजे तो बॉडीला जिथे जोडलेला असतो त्या भागावर, आणि त्यातल्या बेअरिंगवर आहे. या गाड्यांत चाक वळलं की अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट फिरतो आणि ते फिरणं वरचं बेअरिंग सांभाळतं. बेअरिंग जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते, ताण असह्य झाला की एकदम सुटते. तोच 'टक्', आणि हाताला झटका बसतो तोही त्याचाच.

खात्री घरीच होते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल, इंजिन चालू. घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश इकडून तिकडे फिरवायला सांगा. तुम्ही स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला नुसता तळवा टेकवा. बोटं वेटोळ्यांमध्ये अजिबात घालू नका. स्प्रिंग चाकाबरोबर अलगद फिरली तर वरचं ठीक. अडून राहिली आणि मग उडी मारली, तर बेअरिंगच. खालचं शेवटचं वेटोळं तुटलंय का तेही बघा, मोडलेली स्प्रिंगसुद्धा असाच आवाज करते.

पाण्याचं म्हणाल तर अर्ध्या चाकापर्यंतचं पाणी त्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही, ते बॉनेटखाली वर असतं. पण लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट पाण्यात होता. त्याचं रबर फाटलेलं असेल तर आत गंज धरला असणार. म्हणून गाडी उचलून, चाक अधांतरी ठेवून, लोअर आर्म आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मधे पहार घालून हलकं उचकवून बघायला सांगा. खेळ दिसला तर गाडी तिथेच ठेवा. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं, रामटेक सोडा, गावातल्या बर्डीपर्यंतही नेऊ नका. टाय रॉडसाठी (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांडीसाठी) चाक दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे हलवून बघायचं.

फाटकाच्या चढावर जो जास्तीचा आवाज येतो तो लिंक रॉडचाही (गाडीचं कलणं रोखणाऱ्या बारला जोडणाऱ्या दांडीचाही) असू शकतो. एक चाक वर आणि एक खाली गेलं की लिंक रॉडवर भार येतो. उभ्या गाडीतल्या आवाजाला मात्र तो सहसा जबाबदार नसतो, म्हणून दोन आवाज वेगळे धरा.

आणि कळकळीने सांगतो, वरचा मधला नट घरी उघडू नका. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय तो सोडला तर स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मैदानात गोल चक्कर मारली, कटकट नाही. मग भाच्याला स्टिअरिंगवर बसवून स्प्रिंगला हात लावला. उजवी मऊ फिरली. डावी आधी तळव्याखाली हललीच नाही, मग कडक होत गेली आणि एकदम टक् करून सरकली. शंका उरली नाही.

मिस्त्रींनी माझ्यासमोरच उघडलं. बेअरिंगमधलं ग्रीस सुकून विटकरी रंगाची भुकटी झाली होती, हाताने फिरवलं तर खरखरत अडत होतं. बॉल जॉइंट आणि टाय रॉड पक्के निघाले. लिंक रॉडचं रबर फाटलेलं होतं, तोही बदलला. उजवं बेअरिंग चालू होतं, पण त्याचंही वय तेवढंच, म्हणून दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि बेअरिंग नवी बसवली. रॅकला कुणी हातही लावला नाही.

आता आवाज पूर्ण बंद आहे, फाटकाच्या चढावरही. पण सरळ जाताना स्टिअरिंग किंचित उजवीकडे राहतं. शॉकअप काढून बसवल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते, असं मिस्त्रींनी सांगितलंय, आणि ते झाल्याशिवाय आईला घेऊन निघणार नाही. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर भागात आधीचं आणि नंतरचं रीडिंग कागदावर छापून देणारं चांगलं ठिकाण कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.