घास नको म्हणते, तो हट्ट नसेल

ताई, दीड वर्षाची लेक दोन घासांनंतर मान फिरवते, पाठ ताठ करून रडते असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलाचंही अगदी असंच होतं. हट्ट नव्हता हो तो. आंबट वर येऊन घसा जळायचा, म्हणून घासाचीच धास्ती बसलेली. आम्ही सोलापूरकर, ताटात शेंगाचटणी असायचीच, सासूबाई भाकरीला बोटभर लावून भरवायच्या. ते आधी थांबवलं. मग भाकरी वरणात मऊ कुस्करून चार-पाच चमचेच, पण दर अडीच-तीन तासांनी. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. तोंड दाबून तर कधीच भरवू नका. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त दिसलं तर लगेच न्या.