फुटपट्टी देवाला लागत नाही, मग नवसाचे दाखले कशाला?

कृष्णाकाठ
इथल्याच एका पोस्टमध्ये म्हटलंय की विज्ञान आणि माणसाची नीती या दोन्ही फुटपट्ट्या देवाला लागूच पडत नाहीत, तेव्हा नास्तिकांनी गप्प बसावं. आणि त्याच पोस्टमध्ये पुढे नवसाने बरा झालेला पेशंट पुरावा म्हणून दिलाय! दोन्ही एकदम चालणार नाही. जगात कसलाच हस्तक्षेप न करणारा निर्गुण देव मानत असाल तर विज्ञानाकडे बोलायला काही नाही, तिथे माझा वादही नाही. पण 'प्रार्थना केली की पेशंट सुधारतो' हे विधान तपासता येतं, आणि ते तपासलं गेलंय.

अमेरिकेत सहा हॉस्पिटलांतल्या बायपासच्या १८०२ पेशंटांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन गट, वाटणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी. पहिल्या दोन गटांना सांगितलं, 'तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही'; प्रत्यक्षात एकासाठीच झाली. तिसऱ्याला 'नक्की होणार' असं सांगून केली. प्रार्थना करणाऱ्यांकडे पेशंटचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच होतं, आणि प्रार्थना चालली १४ दिवस. ऑपरेशननंतर ३० दिवसांत गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण: प्रार्थना झालेले ५२ टक्के, न झालेले ५१ टक्के, आणि 'नक्की होणार' हे माहीत असलेले ५९ टक्के.

पैलतीर
हा अभ्यास नेहमी पुढे केला जातो आणि त्यातली भोकं कुणी सांगत नाही. प्रार्थना न झालेल्या गटातल्या पेशंटांच्या बायकामुलांनी हात जोडले नव्हते का? मग कोरा गट राहिला कुठे? प्रार्थना करणारेही सगळे ख्रिस्ती गट, पेशंटची ओळखदेख नाही. आमच्याकडे नवस घरचं माणूस बोलतं. आणि मुख्य म्हणजे देव काही औषधाची गोळी नाही की ठरलेला डोस दिला की ठरलेला परिणाम झालाच पाहिजे. ज्याला इच्छा आहे तो नकारही देऊ शकतो.

कृष्णाकाठ
घरच्यांची प्रार्थना दोन्ही गटांत सारखीच विभागली जाते, यादृच्छिक वाटणी त्यासाठीच करतात. तपासली गेली ती वरची जादा प्रार्थना, आणि तिचा फरक शून्य. 'देव नकार देऊ शकतो' हे मान्य. पण मग बरा झालेला पेशंटही पुरावा उरत नाही. होकार आला तर देव आणि नकार आला तर देवाची मर्जी, असं म्हटलं की त्या विधानातून काहीच कळत नाही.

धाकटी_पाती
दुसरी बाजूही येऊ दे. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोत हृदयरोगाच्या ३९३ पेशंटांवरच्या अभ्यासात प्रार्थनेचा फायदा दिसला होता.

कृष्णाकाठ
त्यात २६ गोष्टी मोजल्या, सहांत फरक दिसला. एवढ्या गोष्टी एकदम मोजल्या की एखाददुसरी नुसत्या योगायोगानेही बाजूने पडते, शिवाय त्या सहा एकमेकींशी जोडलेल्या होत्या. मुक्काम किती दिवसांचा, मृत्यू किती, यांत फरक नव्हता. काय मोजायचं ते आधी एकच ठरवावं लागतं. २००६ च्या अभ्यासात 'कोणतीही गुंतागुंत' ही मुख्य कसोटी आधीच ठरलेली होती.

धाकटी_पाती
बरं, मग नीतीचं बोला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. किल्लारीची माणसं रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली. भूकंपात त्या सगळ्या भागात जवळपास दहा हजार माणसं मेली, त्यांत तान्ही मुलंही होती. हे पाहूनही नीतीने देवाला जाब विचारायचा नाही?

गवंडीकाम
किल्लारीचं नाव देवाच्या वादात आलं की मला राग येतो. माणसं भिंतींनी मारली. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात एवढी माणसं मरायलाच हवीत असं नाही. गोट्यांची मातीत बांधलेली भिंत, दोन-अडीच फुटांपासून पुढे कितीही जाड. आतली चळत वेगळी, बाहेरची वेगळी, मधे चिपा आणि माती. दोन्ही चळतींना धरणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की मधला भराव खाली बसतो आणि दोन्ही बाजूंना रेटतो, चळती फुगून सुटतात. वर पांढऱ्या मातीच्या जाड थराचं माळवद. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती ढासळल्या. तो भाग तेव्हा भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. तिसऱ्यात गेला २००२ साली.

उपाय होता. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार दगड. जुन्या भिंतीत दगड हलक्या हाताने हलवून काढायचा, आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं. हातोडा मारलात तर आजूबाजूची माती सुटते आणि भिंत आधीपेक्षा कमजोर होते.

धाकटी_पाती
म्हणजे दोष गवंड्याचा? हे तर मेलेल्यांवरच ढकलणं झालं!

गवंडीकाम
असं मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. जिथे भूकंप होतो हे कुणाला माहीतच नव्हतं, तिथे गवंड्याला दोष कसा देणार? पण 'देवाने असं का केलं' यावर वर्षानुवर्षं बोलून एका भिंतीत एक सळई गेली नाही.

पैलतीर
नीतीच्या आक्षेपाला उत्तर वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रातच आहे, २.१.३४: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'. ईश्वर पक्षपाती नाही, निर्दयही नाही, कारण तो जीवांच्या कर्माला धरून फळ देतो. सृष्टीच्या आधी कर्म कुठलं, ही शंकाही पुढच्याच सूत्रात घेतलीय: संसार अनादि आहे. बाहेरून आणलेल्या प्रश्नांनी गोंधळ घालण्याआधी आपलं वाचा.

कृष्णाकाठ
वाचलंय, आणि वेदांतल्या यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या मीमांसकांचंही वाचलंय. कर्माला फळ द्यायला त्यांना ईश्वर लागत नाही, 'अपूर्व', म्हणजे कर्मातून उपजणारी आणि पुढे फळ देणारी अदृश्य शक्ती, पुरतं. सगळा हिशेब कर्मच करत असेल तर मधे ईश्वर कशाला, हा प्रश्न पाश्चात्त्यांचा नाही, मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेतला आहे. आणि किल्लारीतलं तान्हं मूल मागच्या जन्मीचं भोगत होतं हे त्याच्या आईसमोर बोलाल का?

पैलतीर
आईसमोर बोलायची ती गोष्टच नाही. सांत्वन वेगळं, सिद्धांत वेगळा. त्यांची सरमिसळ तुम्ही करताय आणि वर मला निर्दय ठरवताय. नवसाचा दाखला नको तर नको, तो सोडला. त्यावर माझं काही अडत नाही. कर्माचा मुद्दा मी सोडणार नाही.

धाकटी_पाती
गवंडीकाम, आमच्याकडे तशीच भिंत आहे. माळवद काढून स्लॅब टाकला तर चालेल का?

गवंडीकाम
अजिबात नको! मातीतल्या भिंतीवर स्लॅबचं वजन म्हणजे धोका वाढवणं. माळवदावरचा मातीचा थर कमी करा, नाहीतर माती काढून पत्रा घाला. मग वर सांगितलेला सळई-काँक्रीटचा आरपार बाँड, आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा. भिंत फुगलेली असेल तर तेवढा भाग उतरवून नव्याने बांधा. फुगलेल्या भिंतीत भोक पाडू नका.