रोमन अर्धपुतळा आणि मोझेइक हाताळता येण्याजोगे कसे करावेत?

मृण्मयी_दालन
रोमन कलेच्या छोट्या दालनात दृष्टिहीन पाहुण्यांसाठी दोन प्रतिकृती ठेवायच्या आहेत: रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातला संगमरवरी अर्धपुतळा आणि इटलीतल्या पॉम्पेईचं 'कावे कानेम' मोझेइक, म्हणजे रंगीत खडे बसवून केलेलं चित्र (साखळीतला कुत्रा, खाली 'कुत्र्यापासून सावध' हा मजकूर). पीएलए प्लॅस्टिकची थ्रीडी प्रिंट थेट ठेवली तर चालेल का? मोझेइक तर सपाट, त्यातला कुत्रा बोटांना कळावा कसा? आणि उंची किती?

छिन्नी_हातोडा
नुसती प्रिंट नको. ०.२ मिमी थरांच्या रेघा डोळ्याला जाणवत नाहीत, पण बोटाला लगेच लागतात आणि मूळ दगडावरच छिन्नीच्या खुणा असाव्यात असं वाटतं. पीएलए हलकं असतं, हाताला कोमटही लागतं. प्रिंट फक्त साच्यासाठी वापरा. फिलर प्रायमर (रेघा भरून काढणारा अस्तराचा रंग) मारून १२०, २४०, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग सिलिकॉनचा साचा घ्या. ओतायला वजनाने एक भाग पॉलिएस्टर रेझिन, दोन भाग संगमरवराची भुकटी. भुकटी आधी कडक वाळवा, दमट राहिली तर रेझिन चिकट राहतं. पहिला हात ब्रशने नाकात-कानात दाबून लावा, नाहीतर हवेचे बुडबुडे नेमके नाकाच्या शेंड्यावर अडकतात. प्लॅस्टर स्वस्त पडतं, पण नाक-कान टवके उडून जातात आणि ओल्या फडक्याने पुसता येत नाही.

डोळ्यांकडे खास लक्ष द्या. साधारण इ.स. १३० पर्यंत रोमन शिल्पकार डोळा गुळगुळीत ठेवून बुबुळ रंगवत. हेड्रियनच्या काळापासून बुबुळाची कड कोरून बाहुलीच्या जागी खळगा पाडायला लागले. म्हणजे पुतळ्याचा काळ बोटाने ओळखता येतो! दृष्टिहीन माणसाला इतिहास असा थेट हाती लागणं फार मोलाचं आहे. दोन्ही प्रकारचे डोळे शेजारी-शेजारी, मूळ मापात ठेवा. प्रायमरने तो खळगा हमखास बुजतो. साचा घेण्याआधी बारीक गिरमिटाने मोकळा करा.

खडे_चुना
मोझेइकला दोन फलक लागतील. ३० × ३० सेमीच्या फलकावर खऱ्या दगडाचे सुमारे १ सेमीचे खडे चुन्यात बसवा. निपरने (खडे तोडायच्या पकडीने) तोडलेल्या कडा बोट कापतात, म्हणून कार्बोरंडमच्या (घासायच्या) दगडाने कडा बोथट करा. वॉर्निश लावू नका, दगडाचा गारवा जातो.

दुसरा फलक उठावाचा: गुळगुळीत पार्श्वभूमीवर कुत्रा ३ मिमी वर. यात खडे दाखवायचा मोह टाळा. सांध्यांच्या जाळ्यात बाह्यरेषा हरवते. २ मिमीपेक्षा जवळच्या दोन कडा बोटाला एकच वाटतात, म्हणून पाय, पोट आणि साखळी यांत निदान ३ मिमी मोकळी जागा हवी. साखळीला मण्यांसारखा पोत द्या. मूळ चित्रात गळपट्टा लाल आहे, त्यालाही वेगळा पोत हवा. अक्षरं उठावात, खाली ब्रेल. ब्रेलवर रंगाचा हात फिरवला की ठिपके बुजतात.

फलक ७५ सेमी उंचीवर, २० अंश कलता, खाली व्हीलचेअरच्या गुडघ्यांसाठी ७० सेमी मोकळं. अर्धपुतळ्याची हनुवटी ११५ सेमीच्या आसपास आणि चारही बाजूंनी हात फिरेल अशी जागा. बैठक खालून बोल्टने पक्की करा. पुतळा जरा जरी डुगडुगला तरी लोक हात मागे घेतात.

पंचगंगा_काठ
रोमन दालनच करताय, तर कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या पोसायडनच्या (ग्रीक समुद्रदेवाच्या) ब्राँझ मूर्तीचीही प्रतिकृती ठेवा. मूळ मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. परवानगी घेऊन फोटोग्रामेट्री (अनेक फोटोंवरून थ्रीडी मॉडेल) करा: तीन उंचींवरून गोल फिरत फोटो, दर दोन फोटोंत ७० टक्के भाग सामाईक, चमक कमी करायला ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्टर. मूर्ती लहान असल्याने चेहरा बोटाखाली सपाट वाटेल. दुप्पट मापाची एक करा, पण मूळ मापाचीही शेजारी ठेवा, नाहीतर आकाराचा चुकीचा अंदाज मनात बसतो. मूळ मूर्ती मात्र हातात देऊ नये. घामातल्या क्लोराइडने ब्राँझला हिरवट भुकटी सुटू लागते.

मृण्मयी_दालन
अंगठ्या, घड्याळं काढायला सांगायची का?

छिन्नी_हातोडा
हो, प्रतिकृतींनाही ओरखडे पडतात. दाराशीच एक वाटी ठेवा. हातमोजे मात्र देऊ नका, त्यांनी डोळ्यातला तो खळगा कळत नाही.