'वारंवारतेचं वाटप': एका शब्दावर तीन कामं

टीव्ही प्रक्षेपणावरचा मजकूर मराठीत आणतेय. अ‍ॅलोकेशन, अ‍ॅलॉटमेंट आणि असाइनमेंट, तिन्हींना मी 'वाटप' लिहीत आले. आज तिन्ही एकाच वाक्यात आले नि अर्थच लागेना. काय लिहावं?

*

ताई, तिन्ही वेगळेच ठेवा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांत त्यांचे अर्थ ठरलेले आहेत. वारंवारतांचा कोणता पट्टा कोणत्या सेवेला (प्रक्षेपण, मोबाइल, विमानं) ते अ‍ॅलोकेशन. त्यातलं चॅनल कोणत्या देशाला किंवा प्रदेशाला ते अ‍ॅलॉटमेंट. अमुक ठिकाणच्या अमुक मनोऱ्याने ते वापरायचं ते असाइनमेंट. डिजिटल प्रक्षेपणासाठीच्या 2006 च्या जिनिव्हा आराखड्यात शेवटच्या दोन्ही प्रकारच्या नोंदी आहेत, तिथे सरसकट 'वाटप' चालणारच नाही.

मी धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठचा. आमच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी शेतीला, हे एक ठरणं. कोणत्या फडात (शेतांच्या गटात) कोणतं पीक, हे दुसरं. पाटकरी एकेका शेताला पाळी देतो, ते तिसरं. तसंच इथे लिहा: राखीव पट्टा, वाटणी, नेमणूक.

*

नाना, बाकी पटलं, पण 'वाटणी' नको. वाटणी झाली की बांध पडतो, तुकडा एकाचाच होतो. अ‍ॅनालॉगच्या काळात 174 ते 230 मेगाहर्ट्‌झमध्ये 7-7 मेगाहर्ट्‌झची आठच चॅनल बसायची, 5 ते 12. खान्देशाला एकीकडे मध्य प्रदेश, एकीकडे गुजरात. तीच आठ सगळ्यांनी पुरेसं अंतर राखून पुन्हा पुन्हा वापरायची.

रावेरला थंडीत वारा पडलेल्या रात्री आमच्या चित्रावर आडव्या पट्ट्या सरकत राहायच्या. वडील घराच्या धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) चढून पाइप फिरवायचे, आम्ही खालून ओरडायचो, "आलं! गेलं! परत फिरवा!" अँटेना ठीकच होती. गार हवेवर उबदार थर बसला की लहरी वाकून फार लांब जातात, मग दूरच्या केंद्राचं तेच चॅनल आपल्यावर चढतं. त्यासाठीच एकाच चॅनलवरच्या केंद्रांच्या वाहक लहरी (चित्र वाहून नेणाऱ्या) वारंवारतेत एकमेकींपासून किंचित सरकवत, किंवा एकाची लहर आडवी, दुसऱ्याची उभी ठेवत. दोघांकडे एकच वस्तू असते, ती वाटणी कशी?

*

खरंय भाऊ, वाटणी मागे घेतो. ताई, 'वाट्याला येणं' बघा. एकच चॅनल दोन प्रदेशांच्या वाट्याला येऊ शकतं, त्यात बांध येत नाही. आणि सगळ्या प्रकाराला 'सामाईक वापर' म्हणा. सामाईक विहीर खान्देशात कुणाला समजवावी लागत नाही.

*

बसलं! वाक्य असं केलं: 'प्रक्षेपणासाठी राखीव पट्ट्यातलं चॅनल 9 या प्रदेशाच्या वाट्याला आलं आणि डोंगरावरच्या केंद्राला नेमून दिलं.'