पतसंस्थेची डिजिटल सज्जता कोणाकडून तपासून घ्यावी?

गुहागर तालुक्यातील एका पतसंस्थेचे सचिव
काल येथे एका सद्गृहस्थांनी लिहिले की, पतसंस्थेची डिजिटल सज्जता तपासायची तर मुंबई-पुण्याचीच मोठी कंपनी नेमावी, गावच्या माणसांना यातले काय कळते. ते वाचून गप्प बसवेना. आम्ही तीन वर्षांपूर्वी नेमके तेच केले. दोन मुले आली, सभागृहात बसून लांबलचक प्रश्नावली भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत गेली. काउंटरवर कोणी उभे राहिले नाही. वरच्या वाडीत रेंज नसल्याने आमचा पिग्मी एजंट, म्हणजे घरोघरी जाऊन रोजची ठेव गोळा करणारा माणूस, दिवसभराची रक्कम वहीत टिपतो आणि रात्री मशीनमध्ये चढवतो, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. अहवालात एका पानावर दुसऱ्याच संस्थेचे नाव राहिले होते आणि शिफारस होती त्याच कंपनीची प्रणाली घेण्याची. ज्याने खतावणी लिहिली, त्यालाच आपण लेखापरीक्षक नेमत नाही. त्यापेक्षा तालुक्यातला माहीतगार माणूस शतपटीने बरा.

रत्नागिरीतील एक संगणक अभियंता
सचिवसाहेब, आपला राग रास्त आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. मी पाहिलेल्या एका संस्थेने 'आपला माणूस' म्हणून संचालकांच्या भाच्याला तपासणी दिली. संगणकही त्यानेच पुरवले होते. सगळे कर्मचारी एकाच पासवर्डवर काम करत होते, हे त्याने अहवालात लिहिले नाही, कारण तो पासवर्ड त्यानेच ठरवून दिला होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे प्रणालीत कोणी कधी काय केले याच्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात. तेथे लॉग कुठे साठतात हेच कोणाला ठाऊक नव्हते. सर्ट-इन आपल्या पॅनेलवरील लेखापरीक्षण संस्थांची यादी प्रसिद्ध करते. शोध तेथून सुरू करावा.

चिपळूणच्या पतसंस्थेतील एक संचालक
त्या यादीतला तपासनीस वाशिष्ठी नदीचे पाणी कुठवर येते हे विचारतो का? 22 जुलै 2021 रोजी आमच्या शाखेत पाणी पंख्याला लागले. सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात. अहवालात मात्र 'बॅकअप' या शब्दापुढे बरोबरची खूण होती. चिखलातून काढलेली व्हाउचरे आम्ही माळ्यावर दोऱ्या बांधून वाळवली आणि ठेवीदारांच्या पासबुकांवरून एकेक खाते पुन्हा लिहिले.

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीतील व्यवस्थापक
3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडचे विजेचे खांब आडवे झाले आणि कचेरीतला संगणक कित्येक दिवस बंद राहिला. कागदाची वही होती म्हणून निभावले. आणखी एक सांगतो. पावसाळी बंदी 31 जुलैला संपते आणि सगळ्या बोटी एकदम डिझेलला लागतात. तपासणाऱ्याने त्या गर्दीत यावे, जूनमध्ये रिकाम्या कचेरीत येऊन त्याला काय दिसणार?

संगणक अभियंता
पूर-वादळाच्या आठवणींत मूळ प्रश्न वाहून चालला आहे. बुडालेली खाती आपण पासबुकांवरून पुन्हा लिहिलीत. ठेवीदारांचे आधार क्रमांक एकदा बाहेर गेले, तर ते कशावरून परत आणणार?

संचालक
ताई, 'आठवणी' हा शब्द मागे घ्या. लेकीच्या लग्नाची ठेव सुरक्षित आहे ना, हे विचारायला एक आजी ओले पासबुक पदरात गुंडाळून सलग चार दिवस आमच्या दारात येत होत्या, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. सज्जता कशाला म्हणतात, ते मला त्या चार दिवसांत कळले.

संगणक अभियंता
शब्द मागे घेते, मुद्दा मागे घेत नाही. पासवर्ड आणि लॉग यांची तपासणी पॅनेलवरच्याच संस्थेने करावी. पण बॅकअप आहे का, एवढे विचारून न थांबता तो समोर परत चढवून दाखवायला सांगावे, ही अट मी आधी मांडली नव्हती, हे कबूल करावे लागेल.

सचिव
बाहेरची संस्था नेमायला मी नाइलाजाने तयार होतो आहे, मन अजून मानत नाही. आमच्या ठरावात तीन अटी असतील. तपासणाऱ्याने आम्हाला पुढे काहीही विकायचे नाही. एक दिवस पिग्मी एजंटबरोबर वरच्या वाडीपर्यंत चालत जायचे. आणि बॅकअपवरून कालची शिल्लक आमच्यासमोर जुळल्याशिवाय फीचा शेवटचा हप्ता मिळणार नाही.